मेमरी खराब की प्रोसेसर गरम? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

नवी मुंबईत एप्रिल-मे मध्ये कॉम्प्युटर बंद पडला की निदान तयारच असतं : "गरम झाला असेल." जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि तोच कॉम्प्युटर परत बंद पडला की दुसरं निदान : "रॅम काढ, खोडरबराने पुस आणि परत लाव." मी आयटीत आहे हे कळल्यापासून सोसायटीतले लोक मला कॉम्प्युटरचा वैद्य समजतात. (मी फक्त कोड लिहितो, हे सांगून काही उपयोग होत नाही.) त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी हा प्रश्न माझ्यासमोर येतोच. मेमरी खराब आहे, की प्रोसेसर गरम होतोय?

वाचत गेलो तसं लक्षात आलं की हा प्रश्न पीसीपेक्षा खूप जुना आहे. पहिल्या पिढीच्या इंजिनिअरांनाही तो पडला होता, आणि त्याचं एक चांगलं उत्तरही त्यांनी शोधलं होतं. ते उत्तर आपण मध्येच कुठेतरी, चार पैसे वाचवायला, फेकून दिलं. आजचा लेख त्याबद्दल.

कुलाब्यापासून सुरुवात

आपल्याकडे हा प्रश्न पहिल्यांदा पडला असणार तो खाडीपलीकडे, कुलाब्याला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुण इंजिनिअरांनी भारतात रचलेला आणि बांधलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक उभा केला. आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र १९५६ मध्ये चालवून पाहिलं, आणि पूर्ण यंत्र १९६० च्या फेब्रुवारीत सुरू झालं. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं 'टिफ्रॅक'.

टिफ्रॅकमध्ये सुमारे २,७०० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. जुन्या रेडिओत पाच-सहा असायच्या, त्यावरून कल्पना करा. प्रत्येक ट्यूबच्या आत एक तापलेली तार. म्हणजे २,७०० छोट्या शेगड्या, एका खोलीत, आणि गाव मुंबई! प्रोसेसर गरम होणं हा तेव्हा बिघाड नव्हताच. तो गरम असल्याशिवाय चालायचाच नाही.

आणि मेमरी? ती होती फेराइटच्या बारीक कड्यांची. एका कडीत एक बिट. कडी एका दिशेने चुंबकित असेल तर ०, उलट दिशेने असेल तर १. टिफ्रॅकमध्ये ४० बिटांचे २,०४८ शब्द मावायचे, म्हणजे ८१,९२० कड्या. आज हा आकडा १० किलोबाइट भरतो. मोबाइलवरचा एखादा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही.

गंमत पुढे आहे. फेराइटची कडी तापली की तिची दिशा उलटायला लागणारा विजेचा प्रवाह कमी होतो. थंडीत बरोबर बसवलेला प्रवाह उन्हाळ्यात जास्त ठरतो, आणि मग जिला हात लावायचा नव्हता ती शेजारची कडीसुद्धा उलटू शकते. म्हणून अशा मेमरीत तापमानाप्रमाणे प्रवाह बदलण्याची सोय करावी लागे. आयबीएमच्या काही यंत्रांत तर ही मेमरी चक्क कोमट तेलात बुडवून ठेवत, म्हणजे तापमान हलायलाच नको.

थोडक्यात काय, तर 'मेमरी की उष्णता' हे दोन वेगळे संशयित आहेत ही समजूत सुरुवातीपासूनच अर्धवट होती. उष्णता मेमरीमार्फतही चूक करून घेते.

आजच्या रॅमलाही हे लागू आहे. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांच्या १९६८ च्या पेटंटपासून आजच्या डीडीआर ५ पर्यंत, रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक गळकी बादली. त्यातला विद्युतभार सतत गळत असतो म्हणून ती पुन्हा पुन्हा भरावी लागते. नियम असा की ८५ अंश सेल्सिअसपर्यंत प्रत्येक ओळ निदान दर ६४ मिलिसेकंदांनी भरायची, आणि तापमान त्यावर गेलं की दर ३२ मिलिसेकंदांनी. (डीडीआर ५ मध्ये हे दोन्ही आकडे अर्ध्यावर आले.) एखादी बादली जरा जास्तच गळकी असेल तर ती जानेवारीत टिकते आणि मे महिन्यात धोका देते. आता सांगा, दोष मेमरीचा की गरमीचा?

मुद्दाम आजारी पाडून बघणं

जुन्या लोकांनी निदानाची एक झकास पद्धत काढली होती. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४० च्या दशकाच्या शेवटी 'व्हर्लविंड' नावाचा संगणक बांधत होते. त्यांची अडचण अशी की ट्यूब एकदम मरत नाही, हळूहळू अशक्त होते. आणि अशक्त ट्यूब दहा वेळा बरोबर आणि अकराव्या वेळी चूक करते. ती शोधणार कशी?

त्यांनी ठरवलं की चूक होण्याची वाट बघायची नाही, ती मुद्दाम घडवायची. यंत्राच्या एकेका भागाचा व्होल्टेज थोडा वर, थोडा खाली करायचा आणि चाचणीचा प्रोग्राम चालवायचा. धडधाकट ट्यूब हे सहन करते, अशक्त ट्यूब लगेच पडते. ती बदलायची आणि मग दिवसभराचं खरं काम सुरू करायचं. डॉक्टर ट्रेडमिलवर पळवून हृदय तपासतात, तोच प्रकार.

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. ताण मुद्दाम द्यायचा, आणि एका वेळी एकाच भागाला द्यायचा. आपल्याकडचा रिपेअरवाला काय करतो? कॅबिनेट उघडतो, धूळ झाडतो, प्रोसेसरला नवी थर्मल पेस्ट लावतो, रॅम काढून खोडरबराने पुसतो, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावतो, आणि मशीन सुरू होतं. मशीन बरं झालं यात शंका नाही. पण यातलं नक्की कशाने झालं? ते त्यालाही माहीत नाही. महिन्याने परत बंद पडलं की तो म्हणतो "रॅम बदलावी लागेल", आणि पैसे आपले जातात.

खोडरबराला मात्र मी हसणार नाही. खाडीकाठची दमट हवा, त्यात पावसाळा, रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर बारीक थर बसतो आणि जोड कच्चा होतो. पुसून घट्ट बसवलं की काम होतं. म्हणजे मेमरीची चिप चांगली, प्रोसेसर थंड, आणि तरीही बिघाड! संशयितांच्या रांगेत जोड आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, हे दोघेही उभे असतात.

साक्षीदार बिट

दुसरी युक्ती शनिवार-रविवारच्या वैतागातून जन्मली, म्हणून मला विशेष जवळची. :-) १९४७ च्या सुमारास बेल लॅबमध्ये रिचर्ड हॅमिंग यांना रिले वापरून बनवलेलं गणकयंत्र शनिवार-रविवारी मिळायचं. यंत्राला चूक झाल्याचं कळायचं. पण सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करायला माणूस नाही, म्हणून यंत्र ते काम सोडून पुढच्या कामाकडे वळायचं. सोमवारी येऊन बघावं तर उत्तर नाही. हॅमिंगना प्रश्न पडला की यंत्राला चूक झालेली कळते, तर ती कुठे झाली हेही का कळू नये? त्यातून चूक शोधून स्वतःच दुरुस्त करणारे कोड आले. ते १९५० मध्ये प्रसिद्ध झाले. आज सर्व्हरमध्ये असते ती ईसीसी मेमरी याच घराण्यातली.

याच घराण्यातला गरीब भाऊ म्हणजे पॅरिटी. आठ बिटांमागे एक नववा बिट ठेवायचा. तो फक्त 'आठांमध्ये १ किती आहेत, सम की विषम' एवढं लक्षात ठेवतो. चूक दुरुस्त करता येत नाही, पण झाली हे कळतं. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत हा नववा बिट होता. मेमरीत एक बिट बिघडला की मशीन तिथल्या तिथे थांबायचं आणि स्क्रीनवर 'पॅरिटी चेक' अशी पाटी यायची. लोक चिडायचे. पण निदान बघा किती सोपं! मेमरीनेच कबुलीजबाब दिलेला.

मातीतून आणि आकाशातून

१९७० च्या दशकाच्या शेवटी इंटेलच्या मेमरी चिपमध्ये विचित्र चुका दिसू लागल्या. बिट उलटायचा, पण ती चिप पुन्हा तपासली तर ठणठणीत. गरमी नाही, कायमचा बिघाडही नाही. टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी १९७८ मध्ये कारण दाखवून दिलं. चिपच्या सिरॅमिकच्या आवरणात किरणोत्सर्गी अंश होते. ते बनवणारा कारखाना ज्या नदीचं पाणी वापरायचा, तिच्या वरच्या अंगाला युरेनियमचं जुनं प्रक्रिया केंद्र होतं. त्या अंशांतून निघणारा एक अल्फा कण एक बिट उलटवायला पुरेसा होता.

पुढच्याच वर्षी आयबीएमचे झिगलर आणि येलचे लॅनफर्ड यांनी दाखवलं की आकाशातून येणारे वैश्विक किरणही हेच करू शकतात. इथे परत कुलाबा आठवतो. होमी भाभा मूळचे वैश्विक किरणांचे अभ्यासक. हाइटलर यांच्याबरोबरचा त्यांचा या किरणांच्या वर्षावाचा सिद्धांत १९३७ चा. टीआयएफआरने या किरणांसाठी कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर उपकरणं उतरवली होती. ज्या संस्थेने देशाचा संगणक बांधला तीच संस्था त्या संगणकाच्या वंशजांच्या भावी शत्रूचा अभ्यास करत होती! टिफ्रॅकच्या जाड फेराइट कड्यांना मात्र त्या किरणांचं सोयरसुतक नव्हतं.

साक्षीदाराची हकालपट्टी

नववा बिट म्हणजे आठाला एक जास्तीची चिप, म्हणजे मेमरीवर साडेबारा टक्के जादा खर्च. १९९० च्या दशकात रॅम महाग होती आणि पीसीच्या किमतीत गळेकापू स्पर्धा होती. १९९५ मध्ये इंटेलचा 'ट्रायटन' चिपसेट आला, त्यात पॅरिटीची सोयच नव्हती. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरोघरी 'असेंबल्ड' पीसी जोडले जाऊ लागले, त्या पिढीला नववा बिट माहीतच नाही. मेमरी चुकली तरी मशीन गप्प. ती चूक पुढे कधीतरी वेगळ्याच ठिकाणी ब्लू स्क्रीन होऊन बाहेर पडणार, आणि शिव्या मायक्रोसॉफ्टला.

त्याच सुमारास प्रोसेसर तापायला लागले. २००१ मध्ये 'टॉम्स हार्डवेअर'ने एक गाजलेला प्रयोग केला. चालू मशीनच्या प्रोसेसरवरचा हीटसिंक काढून घेतला. एएमडीच्या चिप जळाल्या, पेंटियम ३ हँग झाला, आणि पेंटियम ४ नुसता मंदावला. २००४ च्या 'प्रेस्कॉट' पेंटियम ४ ने तर इतकी उष्णता ओकली की इंटेलला ४ गिगाहर्ट्झचा बेत सोडावा लागला. वेगाची शर्यत उष्णतेने थांबवली.

पण एक चांगली गोष्ट झाली. प्रोसेसरमध्ये तापमापक आणि स्वतःहून मंदावण्याची सोय सर्रास आली. त्यामुळे आजचा तापलेला प्रोसेसर बहुधा आधी मंद होतो, आणि फारच तापला तर मशीन पटकन बंद करतो. म्हणजे उष्णतेला साक्षीदार मिळाला, आणि मेमरीचा होता तो गेला. आपण दर वेळी गरमीलाच का धरतो, याचं उत्तर मला इथे दिसतं. तापमानाचा आकडा कोणीही स्क्रीनवर बघू शकतो, उलटलेला बिट कोणालाच दिसत नाही.

आकडे काय म्हणतात

२००९ मध्ये गुगलच्या सर्व्हरांवर अडीच वर्षं केलेल्या निरीक्षणांचा अभ्यास आला. दर वर्षी ८ टक्क्यांहून जास्त मेमरी पट्ट्यांमध्ये चुका सापडल्या, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. आणि कामाचा ताण वजा केला तर, त्यांच्या डेटा सेंटरमधल्या मर्यादेत, तापमानाचा परिणाम आश्चर्य वाटावं इतका कमी होता. बऱ्याच चुका आकाशातून आलेल्या नव्हत्या, तर पट्टीतच मुरलेल्या होत्या.

२०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने घरगुती वापराच्या सुमारे १० लाख पीसींच्या क्रॅशचा अभ्यास मांडला. आठ महिन्यांत ज्या मशीनचा प्रोसेसर एकूण ३० दिवस चालला, त्यातलं दर १९० पैकी एक प्रोसेसरशी संबंधित बिघाडाने कोसळलं होतं. मेमरीतला एक बिट उलटल्याने १,७०० पैकी एक. पण थांबा, मेमरी निर्दोष ठरली असं नाही. त्यांना मेमरीचा अगदी लहानसा भागच तपासता येत होता, म्हणून खरा आकडा याहून बराच मोठा असणार. मला सगळ्यात उपयोगी वाटलेला निष्कर्ष वेगळा आहे. एकदा असा बिघाड झालेलं मशीन परत कोसळण्याची शक्यता शंभर पटीपर्यंत वाढते. "एकदाच झालंय, बघू पुढे" हे आपलं आवडतं वाक्य हार्डवेअरला लागू नाही.

प्रोसेसरच खोटं बोलला तर?

आता कथेला वळण. २००३ मध्ये एएमडीने आणि २००८ मध्ये इंटेलने मेमरीचं नियंत्रण प्रोसेसरच्या आतच घेतलं. तेव्हापासून 'मेमरीची चूक' प्रत्यक्षात प्रोसेसरची असू शकते. २०२१ मध्ये फेसबुकच्या इंजिनिअरांनी एक किस्सा प्रसिद्ध केला. १.१ चा ५३ वा घात म्हणजे सुमारे १५६. त्यांच्या एका प्रोसेसरचा एकच कोअर याचं उत्तर शून्य द्यायचा. क्रॅश नाही, ब्लू स्क्रीन नाही, शांतपणे चूक. गुगलनेही त्याच वर्षी सांगितलं की काही हजार मशीनमागे असे थोडे कोअर सापडतातच.

२०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरनी गोंधळ घातला. गेम चालू करताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश यायचा. लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसले, आणि दोषी निघाला प्रोसेसर! जास्त व्होल्टेजमुळे तो आतून झिजत होता. इंटेलने त्या ऑगस्टपासून सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जुलै २०२५ मध्ये युरोपात उष्णतेची लाट आली, तेव्हा फायरफॉक्सच्या एका इंजिनिअरने सांगितलं की याच पिढीच्या मशीनचे क्रॅश रिपोर्ट बघून लाट कुठल्या देशात आहे ते ओळखता येतंय. संदेश मेमरीचा, दोष प्रोसेसरचा, निमित्त उन्हाचं. तिन्ही एकत्र!

मग घरी काय करायचं?

व्हर्लविंडवाल्यांचंच : मुद्दाम ताण, एका वेळी एकालाच.

आधी काहीही न उघडता तापमान बघा. भरपूर काम दिल्यावर मशीन मंद होऊन मग पटकन बंद पडत असेल, तर उष्णतेवर किंवा एसएमपीएसवर संशय. थंड मशीन सकाळी सुरू करताच कोसळत असेल आणि दर वेळी संदेश वेगळा असेल, तर मेमरीवर.

मग मेमटेस्ट रात्रभर चालवा. चूक दर वेळी त्याच पत्त्यावर येत असेल तर पट्टीच खराब. पत्ता फिरत असेल तर जोड, वीज, उष्णता किंवा प्रोसेसरमधलं नियंत्रण. एक पट्टी काढून दुसरीवर चालवा, मग स्लॉट बदला. चूक पट्टीबरोबर गेली की स्लॉटजवळच राहिली, ते बघा. प्राइम ९५ मध्ये 'स्मॉल' चाचणी मुख्यतः प्रोसेसरला पिळते, 'ब्लेंड' चाचणी मेमरीलाही. पहिलीत पास आणि दुसरीत नापास, हे मेमरीकडे बोट. शेवटी रॅमचा वेग बायॉसमधून एक पायरी उतरवून बघा. खोडरबर यानंतर. आधी नाही.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर क्रॅश टाळायला नाही. क्रॅश प्रामाणिक असतो, निदान सांगून तरी येतो. भीती न कोसळणाऱ्या मशीनची. २००३ मध्ये बेल्जियममध्ये स्कारबेक इथे मतमोजणीत एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त पडली. हा आकडा म्हणजे २ चा १२ वा घात, एक उलटलेला बिट. मिळूच शकत नव्हती इतकी मतं दिसली म्हणून ते लक्षात आलं. शक्य कोटीतला आकडा असता तर?

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोली, रबाळे, महापे असं जाताना डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती दिसतात. आतल्या सर्व्हरमध्ये ईसीसी असते. बिट उलटला तर दुरुस्त होतो आणि कुठल्या पट्टीत झाला याची नोंद राहते. तिथून चार स्टेशनं पलीकडे वाशीत एखादे सीए शेकडो लोकांचे हिशेब साध्या मेमरीवर करत असतात, आणि त्यांच्याकडे साक्षीदार नसतो. डीडीआर ५ च्या चिपमध्ये आतल्या आत थोडी दुरुस्ती होते, पण त्याची खबर मशीनला मिळत नाही. २०२१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने इंटेलवर याच कारणाने जाहीर टीका केली होती. योगायोग बघा, २०२२ मध्ये त्याच्याच मशीनची रॅम बिघडली, आणि आधी त्यालाही संशय आला तो कर्नलमधल्या बगचा!

साडेबारा टक्के वाचवून आपण काय घालवलं, याचा हिशेब मी असा मांडतो : मशीन चुकलं तर निदान तसं सांगेल, ही खात्री. ज्यांच्या मशीनवर दुसऱ्यांचे पैसे, औषधं किंवा मार्क आहेत, त्यांनी नवीन घेताना ईसीसीबद्दल दुकानदाराला विचाराच. एएमडीच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरवर, मदरबोर्डने साथ दिली तर, ती चालते. बाकीच्यांनी नवीन मशीन आणल्या रात्रीच मेमटेस्ट लावून झोपावं. फुकट आहे, आणि वॉरंटी ताजी असते.

असो. पुढच्या शनिवारी दुसरा विषय.